कवितेची लय मोजायची कशी: यमक, वृत्त आणि पुनरावृत्ती

‘या कवितेत यमक साधल्यामुळे कवितेला गेयता प्राप्त झाली आहे.’ नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवताना रसग्रहणाच्या उत्तरांत हे वाक्य मी इतक्यांदा वाचले आहे, की ते दिसले की हातातले पेन आपोआप थांबते. वाक्य चूक नाही. पण यमक असलेल्या कोणत्याही कवितेला ते चिकटवता येते, आणि म्हणूनच समोरच्या कवितेबद्दल ते काहीच सांगत नाही. लिहिणाऱ्या मुलांचा दोष नसतो. यमक ओळखायला त्यांना शिकवलेले असते, पण ओळखल्यावर पुढे काय करायचे हे कुणी सांगितलेले नसते.

ते पुढचे या लेखात लिहिते आहे. पद्धत साधी आहे: आधी ऐकायचे, मग मोजायचे, मग जुळणी कुठे होते आणि कुठे मोडते ते पाहायचे, आणि मत सगळ्यात शेवटी मांडायचे. सरावासाठीच्या ओळी मी स्वतःच रचल्या आहेत. नावाजलेली कविता समोर आली की तिच्याबद्दलची ठरलेली मते आधी आठवतात, आणि मोजणी राहून जाते.

आधी कान

कविता वहीत हाताने उतरवून घ्या. एका ओळीनंतर दोन ओळी मोकळ्या सोडा, खुणा करायला जागा लागते. मग तीनदा मोठ्याने वाचा. पहिल्यांदा आपण बोलतो तसे. दुसऱ्यांदा सावकाश, प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारून. तिसऱ्यांदा मांडीवर टाळी धरून, जिथे आपोआप जोर पडेल तिथे टाळी. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी कूलरशिवाय बसवत नाही, तरी वाचायच्या वेळी मी तो दहा मिनिटे बंद करायला लावते. पत्र्याच्या कूलरची घरघर हीच एक लय असते आणि ती कवितेच्या लयीवर चढते.

वाचताना जिथे अडखळलात तिथे पेन्सिलीने टिंब द्या. अडखळण्याचे कारण शोधायची घाई नको. ही टिंबे पुढे फार उपयोगी पडतात.

आता या चार ओळी तशा वाचा:

उन्हाच्या झळा सोसुनी गाव झोपे
तळ्याकाठची वाट पाहात रोपे
नभी एक पक्षी फिरे मंद मंद
मनाच्या तळाशी जुना एक छंद

मनाचे श्लोक पाठ असलेल्यांना तिसऱ्या वाचनात चाल आपोआप सापडली असेल. रामदासांच्या त्या श्लोकांचे वृत्त आणि या ओळींचे वृत्त एकच आहे, भुजंगप्रयात. कानाने ते ओळखले. आता हाताने सिद्ध करू.

लघू आणि गुरू

वृत्ताचा सगळा हिशेब अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळाचा आहे. आखूड अक्षर लघू, त्याची एक मात्रा. लांब अक्षर गुरू, त्याच्या दोन. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेली अक्षरे लघू. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेली गुरू. खूण म्हणून मी लघूला ‘ल’ आणि गुरूला ‘गा’ लिहिते. गझल लिहिणारे असेच लिहितात, आणि खुणा ओळीने वाचल्या की चालच ऐकू येते.

उ न्हा च्या । झ ळा सो । सु नी गा । व झो पे
ल गा गा । ल गा गा । ल गा गा । ल गा गा

बारा अक्षरे, वीस मात्रा, आणि ‘लगागा’ चार वेळा. चारही ओळींना हे करून बघा. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत थोडे अडेल, आणि अडावे म्हणूनच त्या ओळी तशा रचल्या आहेत.

तिसऱ्या ओळीत ‘पक्षी’तला प हा अकारान्त, म्हणजे लघू असायला हवा. पण पुढे क्ष हे जोडाक्षर आहे आणि ते उच्चारताना आधीच्या प वर जीभ दाबली जाते. असा आघात पडला की आधीचे अक्षर गुरू होते. ‘मंद’मधला मं अनुस्वारामुळे गुरू. आणि ओळीच्या शेवटचा द लघू असूनही गुरू धरायचा, कारण चरणाच्या शेवटी आपण थांबतो आणि तो थांबा मात्रा भरून काढतो. ‘छंद’चेही तसेच. विसर्ग असलेले अक्षरही गुरूच.

सगळ्यात जास्त चुका जोडाक्षराच्या नियमात होतात. ‘जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू’ एवढेच पाठ करून मुले पहिल्या ओळीतल्या ‘उन्हा’तल्या उ ला आणि दुसरीतल्या ‘तळ्या’तल्या त ला गुरू करतात, आणि वृत्त मोडले म्हणून कवीला दोष देतात. ‘पक्षी’ आणि ‘तळ्यात’ हे दोन शब्द एकामागोमाग मोठ्याने म्हणा. ‘पक्षी’त प वर दाब येतो, ‘तळ्यात’मध्ये त वरून आपण सरळ घसरत जातो. तुझ्या, पुन्हा, जुन्या, कुऱ्हाड, दुसऱ्या या शब्दांतही तसेच. नियम डोळ्यांसाठी नाही, कानासाठी आहे. जिथे शंका येईल तिथे शब्द उच्चारूनच निकाल लावायचा.

अनुस्वाराच्या बाबतीत जुन्या पुस्तकांत आणखी एक फसगत होते. पूर्वी ‘हंसणे’ असे लिहीत, पण तो अनुस्वार उच्चारात जवळजवळ नव्हता. तिथे ‘हं’ला गुरू धरले तर मात्रा वाढतात. मंद, छंद, गंध यांतला अनुस्वार ठणठणीत ऐकू येतो, तोच मोजायचा.

आता मराठीच्या खास गाठीकडे येऊ. आपण लिहितो ‘गाव’ आणि म्हणतो ‘गाव्’. शेवटचा अ बोलण्यात गळतो. वृत्तात मात्र तो गळत नाही. ‘गाव झोपे’मधला व स्वतंत्र लघू म्हणून उभा राहतो आणि त्याच्या जोरावरच शेवटचे ‘लगागा’ पूर्ण होते. दुसरे वाचन सावकाश, पूर्ण अक्षरांनी करायला सांगितले ते यासाठी. वृत्तबद्ध कविता बोलल्यासारखी वाचली की ती मोडलेली वाटते आणि मुक्तछंदातली कविता पूर्ण अक्षरांनी वाचली की ती मेलेली वाटते. कोणत्या कवितेला कोणता उच्चार लावायचा हे ठरवणे हा विश्लेषणातला पहिला खरा निर्णय आहे.

इंटरनेटवरून उतरवलेली कविता असेल तर ऱ्हस्वदीर्घ छापील पुस्तकाशी ताडून घ्या. एक वेलांटी चुकली की एक मात्रा इकडची तिकडे होते, आणि आपण टंकलेखनाची चूक कवीच्या माथी मारतो.

गण, आणि वृत्ताचे नाव

तीन तीन अक्षरांचे गट म्हणजे गण. ते आठ आहेत आणि ‘यमाताराजभानसलगं’ एवढे पाठ असले की पुरते. ज्या गणाचे नाव, त्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घ्या: य गण म्हणजे य-मा-ता, लगागा. र गण म्हणजे रा-ज-भा, गालगा. स गण म्हणजे स-ल-गं, ललगा. भुजंगप्रयातात चार य गण येतात.

नाव शोधण्याची सोपी वाट म्हणजे आधी एका ओळीतली अक्षरे मोजायची. अकरा असतील तर इंद्रवज्रा तपासा, चौदा असतील तर वसंततिलका, पंधरा असतील तर मालिनी, सतरा असतील तर मंदाक्रांता, एकोणीस असतील तर शार्दूलविक्रीडित. लग्नातली मंगलाष्टके बहुधा या शेवटच्या वृत्तात असतात, त्यामुळे ती चाल नागपुरातल्या प्रत्येक कार्यालयात आपण अक्षता हातात धरून ऐकलेली असते. चारही ओळींतली अक्षरसंख्या सारखी, पण लघुगुरूंचा क्रम वेगवेगळा असेल, तर कविता अक्षरछंदात असू शकते. अक्षरे कमीजास्त पण मात्रांची बेरीज सारखी असेल तर मात्रावृत्त. हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारले की बहुतेक कविता कुठे ना कुठे बसतात.

मात्रावृत्ताचा एक नमुना:

ढग आले ढग काळे काळे
भिजून गेले ओढे, नाले

पहिल्या ओळीत दहा अक्षरे, दुसरीत नऊ. पण मात्रा दोन्हीकडे सोळा, आणि आठव्या मात्रेनंतर दोन्हीकडे श्वास घेता येतो: ‘ढग आले ढग’ आणि ‘भिजून गेले’. हे पादाकुलक. लहान मुलांच्या कवितांत ही आठ-आठची चाल वारंवार भेटते, कारण ती चालत्या पावलांची चाल आहे.

वृत्ताचे नाव सापडले की बरेच जण वही मिटतात. माझ्या मते खरे काम इथून सुरू होते. गणांच्या उभ्या रेघा ओढा आणि शब्द कुठे तुटतात ते बघा. दुसरी ओळ: तळ्याका । ठची वा । ट पाहा । त रोपे. एकही गण शब्दाच्या शेवटी संपत नाही, फक्त शेवटचा. शब्द गणांच्या रेघा ओलांडत पुढे पुढे सरकतात, आणि ओळ वाट पाहण्याबद्दलच आहे. चौथी ओळ: मनाच्या । तळाशी । जुना ए । क छंद. पहिले दोन गण म्हणजे पुरते दोन शब्द. गावावरून, तळ्यावरून, आभाळातून फिरून आलेली कविता इथे तळाला टेकते आणि चालही टेकते. नुसते ‘भुजंगप्रयात वृत्त आहे’ म्हणण्यात आणि हे सांगण्यात फरक आहे.

वृत्तासाठी भाषा कुठे वाकवली आहे तेही नोंदवा. पहिल्या ओळीत ‘सोसून’ऐवजी ‘सोसुनी’, दुसरीत ‘पाहत’ऐवजी ‘पाहात’. दोन्ही रूपे मराठीत चालत आलेली आहेत, त्यामुळे ती खटकत नाहीत. पण पानापानावर अशी रूपे दिसू लागली, तर वृत्त कवीला ओढत नेते आहे असे स्पष्ट लिहायला हरकत नाही.

यमक: कुठून जुळते, आणि कोण कोणाशी जुळते

प्रत्येक ओळीपुढे खूण करा. झोपे, रोपे यांना अ. मंद, छंद यांना ब. रचना झाली अ अ ब ब. एवढे पाचवीतला मुलगाही करतो. पुढे दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली, जुळणी कुठून सुरू होते. चांगल्या यमकात शेवटचे अक्षर आणि त्याच्या आधीचा स्वर हे दोन्ही जुळतात: झोपे-रोपेमध्ये ‘ओपे’, मंद-छंदमध्ये ‘अंद’. ‘वार’ आणि ‘दूर’ यांत नुसता र जुळतो, स्वर जुळत नाही. कान अर्धाच भरतो. वरच्या ‘काळे’ आणि ‘नाले’ यांत स्वर दोन्ही जुळतात पण ळ आणि ल वेगळे पडतात. याला मी चूक म्हणणार नाही, सैल यमक म्हणेन, आणि ते सैल का ठेवले असेल ते कवितेतच शोधेन.

इथे आपल्या वऱ्हाडीचा मुद्दा येतोच. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’ होतो, ‘पाणी’चे ‘पानी’ होते. वऱ्हाडी कवितेत ‘काळा’ आणि ‘माया’ ओळींच्या शेवटी आले, तर पुस्तकी डोळ्याला यमक दिसणार नाही, पण त्या बोलीत ते चोख आहे. ‘पाणी’ आणि ‘वानी’चेही तेच. यमक नेहमी कवितेच्या स्वतःच्या बोलीत तपासायचे. प्रमाण मराठीच्या कानाने वऱ्हाडी कवितेचे यमक सदोष ठरवलेले मी वाचले आहे, आणि त्याचा मला फार त्रास झाला आहे. ज्या आयाबायांच्या तोंडी ती भाषा आहे, त्यांचा कान कधीच चुकत नव्हता.

दुसरी गोष्ट, यमकाने कोणते दोन शब्द शेजारी आणले. यमक म्हणजे दोन शब्दांची गाठ. ‘गाव झोपे’ आणि ‘पाहात रोपे’: गाव झोपले आहे, रोपे जागी आहेत. ध्वनी सारखा, स्थिती उलट. शिवाय एक क्रियापद, एक नाम. ‘जातो-येतो’, ‘बसला-उठला’ अशी प्रत्ययांनी जुळणारी यमके सहज सुचतात, म्हणून ती पुष्कळदा निर्जीव वाटतात. पण हाही ठोकताळाच, त्याला खोटे पाडणारी ओळ आता येतेच.

यमक ओळीच्या शेवटीच असते असेही नाही. एका चरणाच्या शेवटची अक्षरे पुढच्या चरणाच्या आरंभी पुन्हा आली की त्याला दामयमक म्हणतात. पंडिती काव्यात त्याचा थाट असे. नव्या कवितेत ते क्वचित भेटते, पण भेटले तर सोडू नका.

ओवी आणि अभंग

इथे लघुगुरू विसरा, नुसती अक्षरे मोजा. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार असे चार चरण असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक असते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. ग्रंथातल्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. जात्यावरच्या ओव्या याहून मोकळ्या. त्यांची लांबी जात्याच्या फेऱ्यावर ठरे, आणि ‘पहिली माझी ओवी’, ‘दुसरी माझी ओवी’ अशी मोजणी हीच त्यांची पुनरावृत्ती असे.

संत्र्याच्या बागेत
उतरले ऊन
पाऊल मोजून
सावलीचे

कुणाच्या ओंजळी
रसाने भरल्या
कुणास उरल्या
साली फक्त

मोजा: सहा, सहा, सहा, चार. जोडाक्षर एकच अक्षर धरायचे, म्हणून ‘संत्र्याच्या’ ही तीन अक्षरे आणि ‘फक्त’ ही दोन. पहिल्या कडव्यातले यमक ऊन-मोजून, दुसऱ्यातले भरल्या-उरल्या.

भरल्या-उरल्या हे प्रत्ययांचे सोपे यमक आहे, आणि तरी इथे ते मला खरे वाटते. एकाच साच्यातून दोन उलट गोष्टी निघतात: भरणे आणि उरणे. ‘कुणाच्या’ आणि ‘कुणास’ यांची जोडी त्याला आणखी घट्ट करते. शब्द तोच, विभक्ती बदलली; पहिल्याच्या मालकीचे काही आहे, दुसऱ्याला नुसते मिळते. पुनरावृत्तीत काय बदलले हे विचारले की असे काही हाती लागते.

चौथ्या चरणाला यमक नाही आणि त्याची दोन अक्षरे कमी आहेत. पहिल्या कडव्यात ‘सावलीचे’ हा ए लांबवत हळूच थांबतो. दुसऱ्यात ‘साली फक्त’ हा क्त वर आपटून थांबतो. साचा एकच, पण एक शेवट मिटतो आणि दुसरा तुटतो. आणि ‘सावली’तून ‘साली’ ऐकू येते, तेही टिपून ठेवा.

पुनरावृत्ती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल-इतवारी भागात मारबतींची, म्हणजे ईडापीडा घालवण्यासाठी काढलेल्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहिली असेल, तर ध्रुवपद म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’, ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’. आरंभी दर वेळी नवे संकट, शेवट तोच. ठरलेला भाग गर्दीला धरून ठेवतो आणि बदलणारा भाग गर्दीला बोलते करतो. कवितेतल्या पालुपदाकडेही असेच बघा: ते कशाला जागच्या जागी धरते, आणि काय मोकळे सोडते.

वहीत प्रत्येक पुन्हा आलेल्या शब्दाभोवती गोल करा आणि ते गोल एकमेकांना रेघेने जोडा. मग अक्षरांकडे वळा. एकच व्यंजन जवळजवळ येत असेल तर तो अनुप्रास. मात्र मराठीत न, त, ल, च ही अक्षरे प्रत्ययांमुळे सगळीकडेच असतात. चार ‘च’ दिसले म्हणून अनुप्रास लिहून मोकळे होऊ नका. ते शब्दाच्या आरंभी किंवा आघाताच्या जागी आहेत का ते बघा.

पुनरावृत्तीचा सगळ्यात शिस्तीचा प्रकार गझलेत भेटतो. मराठी गझल रुजवणाऱ्या सुरेश भटांचे नाव रेशीमबागेतल्या सभागृहाला आहे, आणि आमच्या शहरात गझल लिहू पाहणाऱ्या मुलांची कधी वाण नसते. हा मतला, म्हणजे गझलेच्या पहिल्या दोन ओळी, आणि पुढचा दोन ओळींचा एक शेर:

दुपारी उन्हाचे किती वार होते
तुझे बोलणे केवढे गार होते

घरी यायला वाट होतीच सोपी
तरी पाय माझेच लाचार होते

शेवटी जसाच्या तसा येणारा ‘होते’ हा रदीफ. त्याआधीचे वार, गार, लाचार हे काफिये. त्या काफियांत र च्या आधी सतत येणारा आ ही अलामत. मतल्याच्या दोन्ही ओळींत काफिया आणि रदीफ लागतात, पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत. वृत्त पुन्हा भुजंगप्रयातच. लगागा लावून बघा, आणि तीच चाल असूनही तळ्याकाठच्या ओळींपेक्षा इथे आवाज किती वेगळा लागतो तेही ऐका.

नियम सांगून झाले, आता पाहणी. ‘होते’ तिन्ही ठिकाणी तेच दिसते, पण ‘वार होते’मध्ये ते पुल्लिंगी अनेकवचन आहे, ‘बोलणे गार होते’मध्ये नपुंसकलिंगी एकवचन, ‘पाय लाचार होते’मध्ये परत अनेकवचन. शब्द न हलता त्याचा मालक बदलत राहतो. आणखी एक: शेराच्या पहिल्या ओळीत ‘होतीच’ येते. रदीफ अजून यायचा आहे आणि त्याचे भावंड आधीच हजेरी लावून जाते. रदीफ निव्वळ शेपटासारखा लोंबतो आहे की प्रत्येक शेरात त्याचे काम आहे, हे ठरवायला एक कसोटी: तो काढून टाका. अर्थ तसाच राहिला तर रदीफ शोभेचा आहे.

मुक्तछंद

मुक्तछंद म्हटले की मुले हुश्श करतात, आता मोजायला काही नाही म्हणून. असे नाही. मराठी मुक्तछंदाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते कवी अनिल याच शहरात राहिले, आणि त्यांनीच पुढे दहा ओळींची बांधीव दशपदीही लिहिली. मोकळे होणे आणि बांधून घेणे या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच हाताने करता आल्या.

मी दार उघडलं.
कूलर बंद होता.
मी खिडकी उघडली.
रस्ता बंद होता.
मी फोन उघडला.
आई बोलत होती.

इथे बोलण्याचा उच्चार लावा, शेवटचे अ गळू द्या. मात्रा मोजून काही हाती लागणार नाही. वाक्यांची ठेवण मोजा. ‘मी अमुक उघडले’ तीनदा, ‘बंद होता’ दोनदा. चौथ्या ओळीपर्यंत साचा पक्का होतो, त्यामुळे सहाव्या ओळीत कान ‘बंद होता’ची वाट पाहतो. तिथे ‘बोलत होती’ येते. ब तोच, ‘होत’ तेच, आणि मधले सगळे बदललेले. दोनदा बंद ऐकल्याशिवाय ते बोलणे इतके मोठे ऐकू आले नसते.

तुमच्या पहिल्या वाचनातली टिंबे आता काढा. कवितेत ठरलेली चाल जिथे मोडते, बहुधा तिथेच तुम्ही अडखळला असाल. प्रत्येक टिंबासाठी ठरवा: मी चुकीचे वाचले, छपाई चुकली, कवी चुकला, की कवीला तिथे आपल्याला थांबवायचे होते? चारही शक्यता खऱ्या असतात. शेवटची नेहमी निवडू नका. प्रत्येक मोडीला हेतू चिकटवणे ही कवीची खुशामत झाली.

लिहिताना

सगळ्या खुणा उत्तरात ओतू नका. ज्या दोन-तीन जागी ध्वनी आणि अर्थ एकमेकांना धरतात तेवढ्याच घ्या, आणि प्रत्येक विधानाला कवितेतला शब्द जोडा. संत्र्याच्या ओळींवर मी असे लिहीन:

‘दुसऱ्या कडव्यात “कुणाच्या” आणि “कुणास” अशी एकाच शब्दाची दोन रूपे समोरासमोर येतात. पहिल्याची ओंजळ भरते, दुसऱ्याला साली उरतात. “भरल्या” आणि “उरल्या” हे यमक या दोघांना एकाच तराजूत घालते. सहा अक्षरांच्या तीन चरणांनंतर “साली फक्त” हा चरण चार अक्षरांतच संपतो, त्याला यमकाची सोबत नाही, आणि ती कमतरता वाटणीतली कमतरता म्हणून ऐकू येते.’

चार वाक्ये, आणि यातले एकही दुसऱ्या कवितेला चालणार नाही. लिहून झाले की कविता परत एकदा मोठ्याने वाचा आणि आपली वाक्ये शेजारी ठेवा. जे कानाला ऐकू येत नाही ते वाक्य खोडा, ते कितीही चांगले जमले असले तरी.

मागच्या उन्हाळ्यात धरमपेठेत शिकायला येणाऱ्या एका मुलीला या ओळी टाळीवर म्हणायला दिल्या होत्या, अक्षरागणिक एक टाळी. ‘साली फक्त’वर ओळ संपली तरी तिचे हात थांबले नाहीत, आधीच्या सहांच्या सवयीने आणखी दोन टाळ्या पडल्या, बिनशब्दाच्या. मग तिने वही उघडली आणि ‘फक्त’च्या पुढे दोन रिकामे चौकोन काढले.